मुद्राचित्राच्या समासातील आकडे

(कलाशिक्षकांच्या उजळणी वर्गात दिलेले भाषण)



शाळेच्या, पंचायतीच्या किंवा कचेरीच्या सभागृहासाठी चित्रे खरेदी करण्याचा प्रसंग आपल्यावर केव्हा ना केव्हा येतो. विक्रेता 'लिमिटेड एडिशन', म्हणजे मर्यादित आवृत्ती, असा शब्द उच्चारतो, एक छापील प्रमाणपत्र पुढे करतो आणि चित्राखाली पेन्सिलीने लिहिलेला १२/५० हा आकडा दाखवितो. सार्वजनिक पैसा खर्ची घालण्यापूर्वी या आकड्याचा अर्थ आपणांस ठाऊक असला पाहिजे.

प्रथम मुद्राचित्र म्हणजे काय ते पाहू. कलावंत लाकडावर, तांब्याच्या पत्र्यावर, चुनखडीच्या दगडावर किंवा ताणलेल्या रेशमी जाळीवर स्वतः चित्र घडवितो आणि त्यावरून कागदावर ठसे घेतले जातात. असा प्रत्येक ठसा मूळ कलाकृतीच होय. कारण त्याच्यामागे दुसरे मूळ चित्र नसतेच. तैलचित्राचे छायाचित्र घेऊन ते छापले, तर ती केवळ प्रतिकृती. सीमाशुल्काच्या दरपत्रकात ९७०२ या शीर्षकाखाली मूळ मुद्राचित्रांची जी व्याख्या आहे, तीही याच धर्तीची आहे. ठसा ज्यावरून घेतला ते पत्रे वा दगड कलावंताने सर्वस्वी हाताने केलेले हवेत. यांत्रिक वा छायायांत्रिक प्रक्रिया तेथे चालत नाही. कलासमीक्षकांच्या पानोपानी चाललेल्या चर्चेपेक्षा ही सरकारी व्याख्या मला अधिक स्वच्छ वाटते.

आता १२/५०. पन्नास ही आवृत्तीची संख्या आणि बारा हा त्या प्रतीचा क्रमांक. ती प्रत बाराव्या खेपेस छापली गेली असेलच असे नाही. ठसे वाळवून, रचून ठेवल्यानंतर सह्या करताना जी प्रत हाती येईल तिला पुढचा क्रमांक पडतो. पन्नासचा हिशेबही पुरा नसतो. 'ए. पी.' अशी अक्षरे असलेल्या प्रती कलावंताच्या स्वतःच्या. त्या आवृत्तीच्या दहाव्या हिश्शाइतक्या असाव्यात असा संकेत आहे. 'बी. ए. टी.' ही कलावंताने पसंत केलेली नमुना प्रत; मुद्रक पुढचे सर्व ठसे तिच्याशी ताडून पाहतो. 'एच. सी.' म्हणजे विक्रीसाठी नसलेली प्रत, आणि तरीही ती पुष्कळदा बाजारात येतेच! या साऱ्या प्रती पन्नासाच्या बाहेरच्या. म्हणून एकूण ठसे किती, हे विचारल्यावाचून राहू नये.

आवृत्ती मर्यादित ठेवण्यास एक भौतिक कारणही आहे. दाबाखाली पत्रा झिजतो. स्पेनचा चित्रकार गोया याने १७९९ साली 'लॉस काप्रिचोस' ही ८० चित्रांची माला सुमारे ३०० संचांत प्रसिद्ध केली. १८०३ मध्ये त्याने ते पत्रे राजाला देऊन टाकले. गोया १८२८ साली वारला. परंतु त्या पत्र्यांवरून ठसे घेणे १९३७ पर्यंत चालू राहिले. मूळ ठशांतील राखी छायेचा कणीदारपणा उत्तरकालीन ठशांत विरून गेला आहे. पत्रे त्याचेच, पण ठसे त्याच्या नजरेखालचे नव्हेत. अशा प्रतींना पुनर्मुद्रण म्हणतात आणि त्यांची किंमत बरीच उतरते. हे टळावे म्हणून आवृत्ती पुरी होताच पत्र्यावर आडव्या-उभ्या रेघा ओढून तो रद्द करण्याची प्रथा पडली.

सहीचेही तसेच. साल्वादोर दाली याने चित्र छापण्यापूर्वीच कोऱ्या कागदांवर मोठ्या संख्येने सह्या केल्या. परिणामी त्याच्या उत्तरकालीन शिलामुद्रणांवर, सही अस्सल असूनही, जाणकार विश्वास टाकीत नाहीत.

हल्ली 'जिक्ले' हे भारदस्त फ्रेंच नाव ऐकू येते. ती संगणकावरून केलेली शाईच्या फवाऱ्याची छपाई होय. छपाई उत्तम असू शकते, परंतु संगणकातील चित्र झिजत नाही. तेच चित्र उद्या निराळ्या आकारात 'नव्या मर्यादित आवृत्ती'चे रूप घेऊन येऊ शकते. तेव्हा आकार कोणताही असो, पुन्हा छपाई होणार नाही, असे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.

आपल्या घराघरांतील राजा रविवर्मा यांच्या रंगीत चित्रांविषयी नेहमी विचारणा होते. त्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत गिरगावात निघाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. १९७२ च्या आगीत त्याची मोठी हानी झाली. मूळ तैलचित्रे रविवर्म्यांची, तर दगडांवर एकेका रंगाचे रेखन करणारे कारागीर निराळे. लक्ष्मी-सरस्वती सामान्य माणसाच्या भिंतीवर पोहोचाव्यात हा हेतू असल्याने त्या प्रतींना क्रमांक नव्हते, मर्यादाही नव्हती. चित्रातील सही छापलेली आहे. म्हणून त्यांना 'मर्यादित आवृत्ती' म्हणणारा विक्रेता अज्ञानी तरी असावा किंवा लबाड तरी. मात्र त्यामुळे ती कवडीमोल ठरत नाहीत. जुन्या प्रती आज संग्राहक शोधीत फिरतात आणि खेड्यातील घरांतून त्या नाममात्र किमतीत उचलल्या जातात. चित्र भिंगाखाली धरावे. एकसारख्या ओळीत बसलेले बारीक ठिपके दिसले, तर ती अलीकडची यांत्रिक नक्कल. हाताने टिपलेले ठिपके लहानमोठे, वेडेवाकडे असतात. खालच्या समासात चित्राचे नाव आणि छापखान्याचा पत्ता असतो, त्या पत्त्यावरून काळाचा अंदाज बांधता येतो. नवी चौकट बसविताना सुतार नेमका तोच समास कापतो. त्याला आधीच बजावून ठेवावे.