तक्त्यात न दिसणारे काम
(वार्षिक सभेतील प्रशासकीय मनोगत)



बाह्यरुग्ण, आंतररुग्ण आणि शस्त्रक्रिया यांचे आकडे आपण अहवालात पाहिलेच आहेत. आज आम्ही तक्त्याच्या कोणत्याही रकान्यात न बसणाऱ्या एका कामाविषयी निवेदन करीत आहोत.

मनमाड हे रेल्वे जंक्शनचे गाव. वडिलांची रात्रपाळी, अधूनमधून होणारी बदली आणि पाण्याची ओढाताण येथील अनेक घरांना नवी नाही. अशा घरातील दहावी-बारावीचे मूल जेवेनासे, बोलेनासे झाले, तर 'अभ्यासाचे टेन्शन' म्हणून तो विषय तेथेच संपतो. 'निम्हान्स'ने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील सुमारे ७ टक्के मुलांमध्ये मानसिक आजार आढळला. म्हणजे ६० मुलांच्या वर्गात अशी चार मुले असू शकतात. इतक्या मुलांना मानसोपचारतज्ज्ञ पुरे पडणे अशक्य आहे.

यावरील एक मार्ग आपल्याच नाशिक जिल्ह्याने दाखविला आहे. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्यविषयक केंद्राने २०१३ पासून जिल्ह्यातील ४१ खेड्यांत 'आत्मीयता' हा प्रकल्प राबविला. खचलेल्या व्यक्तीला ओळखणे, तिचे म्हणणे शांतपणे ऐकून घेणे आणि गरज भासल्यास तिला डॉक्टरांकडे पाठविणे, हे गावातीलच स्वयंसेवकांना शिकविले गेले. तो प्रयोग प्रौढांसाठी होता. तोच विचार किशोरवयीन मुलांसाठी आपल्या गावात रुजावा, अशी आमची इच्छा आहे. शिक्षक, अंगणवाडी सेविका, सेवानिवृत्त रेल्वे कर्मचारी अशी मुलांच्या विश्वासातील माणसे त्यासाठी हवी आहेत.

येथे मर्यादाही स्पष्ट केली पाहिजे. स्वयंसेवक हा डॉक्टर नव्हे. मूल जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा बोलू लागल्यास त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी रुग्णालयात आणावे. शासनाची 'टेली-मानस' ही १४४१६ क्रमांकाची मोफत दूरध्वनी सेवा २०२२ पासून अहोरात्र उपलब्ध आहे. पालकांनी हा क्रमांक घरात लिहून ठेवावा.

देणगीदारांना आमची विनंती आहे. खाटेवर किंवा यंत्रावर दात्याचे नाव कोरता येते. प्रशिक्षण, प्रवासखर्च आणि समुपदेशनाची एक खोली यांवर ते फारसे झळकणार नाही. वेळेवर आधार मिळालेले मूल आमच्या आंतररुग्ण विभागात कदाचित कधी येणारच नाही आणि म्हणून आमच्या आकडेवारीतही दिसणार नाही. तरीही या खर्चाला आपण उदार मनाने मान्यता द्यावी, ही नम्र प्रार्थना.