स्वागताध्यक्षीय भाषण : कॅन्सरसेवेच्या आखणीत रुग्णाचे स्थान

कॅन्सरच्या रुग्णाचे भवितव्य तीन ठिकाणी ठरते : रुग्णालयात, आरोग्य खात्यात आणि औषधाची किंमत ठरते तिथे. या तिन्ही ठिकाणच्या बैठकांना रुग्णाला सहसा बोलावणे नसते. आरोग्यसेवेच्या नियोजनात भाग घेणे हा लोकांचा हक्कही आहे आणि कर्तव्यही, असे अल्मा-आटाच्या जाहीरनाम्याने १९७८ मध्येच म्हटले होते. तरीही रुग्णांचे म्हणणे निर्णायक ठरल्याचे महाराष्ट्रातले सर्वांत ठळक उदाहरण आरोग्य खात्यात सापडत नाही. ते पेटंटच्या खटल्यात सापडते.

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कॅन्सरवर इमॅटिनिब ही गोळी वर्षानुवर्षे घ्यावी लागते. नोव्हार्टिस कंपनीच्या ‘ग्लिव्हेक’चा खर्च महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपये होता, भारतीय कंपन्यांची तीच गोळी ८ ते १० हजारांत मिळे. नोव्हार्टिसला पेटंट मिळाले असते तर स्वस्त गोळी बाजारातून गेली असती. १९६९ पासून मुंबईत काम करणाऱ्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने पेटंटच्या अर्जावर हरकत घेतली. हरकतदारांत औषध कंपन्याही होत्या, त्यांचे हितसंबंध उघड होते. रुग्णांची संस्था मात्र गोळी घेणाऱ्यांच्या वतीने उभी होती. चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने २००६ मध्ये अर्ज फेटाळला आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तोच निकाल कायम केला. यात पेटंट कायद्याची दोन कलमे कामी आली. ३(ड) नुसार जुन्या पदार्थाच्या नव्या रूपाची परिणामकारकता वाढल्याशिवाय पेटंट मिळत नाही आणि २५(१) नुसार पेटंट देण्यापूर्वी कोणीही हरकत घेऊ शकतो. त्या ‘कोणीही’मध्ये रुग्ण आला. कोणाच्या मेहरबानीने नव्हे, कायद्याने आला. आणि निर्णय होण्याआधी आला.

मराठवाड्याच्या उंबरठ्यावरचे उदाहरण इतके सरळ नाही. बार्शीला १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. कर्मचारी गावोगाव फिरत, बैठका घेत, लक्षणे समजावून सांगत; त्यामुळे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे रुग्ण आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यात येऊ लागले. लोकांशी बोलल्याने काय साधते, याचा हा पुरावा. पुढे याच भागात, आजच्या धाराशिव जिल्ह्यात, टाटा मेमोरियल आणि बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय यांच्या सहभागाने ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार स्त्रियांवर तपासणीचा मोठा अभ्यास झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनी जगाला दाखवले. मात्र तुलनेसाठी एका गटाची तपासणी केली नव्हती, आणि त्या स्त्रियांवर अन्याय झाला का, यावर वैद्यकीय नीतिशास्त्राच्या नियतकालिकांत कडवट वाद झाला. तो वाद येथे मिटवण्याचे कारण नाही. पण ज्या गावांतून हे ज्ञान निघाले, तिथल्या स्त्रिया अभ्यासाची रचना ठरवतानाच बोलत्या झाल्या असत्या, तर पुढचा वाद कदाचित आधीच झाला असता, आणि तोच बरा.

शेजारच्या बीडमध्ये तर कॅन्सरची नुसती भीती पुरली. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या चौकशीत ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली होती. ‘पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल’ असे सांगितल्याचे अनेकींचे म्हणणे होते. त्यांचे ऐकले गेले, पण शस्त्रक्रिया होऊन गेल्यावर.

जालना जिल्ह्यातूनही दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यात परततात. तीस वर्षांवरील लोकांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी हा राष्ट्रीय कार्यक्रमाचा भाग आहे. पण हिवाळ्यात घेतलेल्या शिबिरात फडावरची बाई सापडणार कशी? शिबिराची तारीख ठरवताना एखादी ऊसतोड कामगार स्त्री बैठकीला असेल, तर हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत निघेल. शेकाचेही, म्हणजे रेडिएशनचेही, तसेच. छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कॅन्सर रुग्णालय जालन्यापासून साठेक किलोमीटरवर आहे. महात्मा फुले योजनेतून उपचार होतात. पण शेक आठवड्यातून पाच दिवस, पाच-सहा आठवडे चालतो. त्या काळातले राहणे, सोबतच्या माणसाचे जेवण आणि बुडालेली मजुरी योजनेच्या कार्डावर भागत नाही. उपचार अर्धवट का सुटतात, हे केस पेपरवर लिहिलेले नसते, नातेवाइकांना मात्र ठाऊक असते.

रुग्णांचे आणि नातेवाइकांचे म्हणणे निर्णयाआधी ऐकण्यासाठी नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. सरकारी रुग्णालयांत रुग्ण कल्याण समित्या आहेत. आरोग्यसेवेवर लोकाधारित देखरेख २००७ पासून राज्याच्या काही जिल्ह्यांत झाली. तिच्या जनसुनवाईत गावकरी अधिकाऱ्यांना थेट जाब विचारीत. खासगी रुग्णालयांना रुग्ण हक्क सनद लावणे बंधनकारक करणारे नियम जानेवारी २०२१ मध्ये आले, तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे जालना जिल्ह्याचेच. भिंतीवरची सनद वाचायला मिळाली, पण बैठकीतली खुर्ची अजून मिळालेली नाही.

या परिषदेसाठी जालन्यात आलेले डॉक्टर, परिचारिका, आशा कार्यकर्त्या, अधिकारी आणि त्या सर्वांच्या आधी रुग्ण व त्यांचे नातेवाईक, यांचे स्वागत समिती मनःपूर्वक स्वागत करते. प्रत्येक सत्रात पहिली वेळ रुग्णांना दिली आहे. तज्ज्ञांनी आपली टिपणे त्यांचे बोलणे ऐकून झाल्यावर उघडावीत, आणि कॅन्सरविषयीचा जो ठराव शासनाकडे जाईल, त्यावर रुग्ण प्रतिनिधींची सही घेतल्याशिवाय तो पाठवू नये, ही विनंती.