पहिला काप



शाळेच्या बक्षीस समारंभाला पाहुणे म्हणून डॉक्टर नाहीतर कलेक्टर येतील असं तुम्हाला वाटलं असेल. आला सॉ मिलवाला. बक्षिसं तीच मिळतील, काळजी नको.

आमच्याकडे लाकूड कापायचं काम आजोबांपासून. तेव्हा मिल कसली! ओंडका उंच घोडीवर चढवायचा, काजळीच्या दोरीने रेघ मारायची, मग एक जण वर, एक खाली आणि मधे लांब करवत. भुसा सगळा खालच्याच्या डोळ्यांत. तेव्हा शापोरा नदीवर पूलही नव्हता, चोपड्याहून शिवोलीला जायचं तर फेरीबोट. चोपड्यातल्या म्हाताऱ्यांना विचारा.

वडिलांनी बँडसॉ घातला आणि दिवसाचं काम मिनिटांवर आलं. ओंडका वाचायचं काम मात्र यंत्र करत नाही. गाठ कुठे, पोकळी कुठे, वाढ कुठे वाकलीय, हे पाहून तो फिरवायचा आणि मग पहिला काप. तो चुकला की महाग लाकडाचं सरपण. फणसाचा पिवळा गाभा देव्हाऱ्याला, साग दारांना. आंब्याला कीड लवकर धरते, म्हणून तो खोक्यांना. किंदळ, माट्टी या झाडांची तऱ्हा आणखी वेगळी.

मग माझी पाळी. 12 डिसेंबर 1996 ला गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, मालक कोणीही असो, जंगल ते जंगल. केंद्राच्या मंजुरीशिवाय तिथे सॉ मिलसुद्धा चालणार नाही. 2002 मध्ये नवी मिल काढायला न्यायालयाच्या समितीची परवानगी सक्तीची झाली. धंद्यातले लोक चिडले. माझं मत विचाराल तर, तो आदेश नसता तर सह्याद्रीतला साग आम्हीच संपवला असता.

आता माल जहाजाने येतो. देशात उतरणाऱ्या ओंडक्यांचं मोठं बंदर गुजरातेतलं कांडला. म्यानमारने 1 एप्रिल 2014 पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली, तेव्हा बर्मा सागाच्या जागी घाना, इक्वेडोरचा लागवडीचा साग आला. तो भराभर वाढलेला, वलयं रुंद, गाभा कमी. आजोबांचा अंदाज त्याला लागू पडेना. आम्हाला पहिला काप नव्याने शिकावा लागला.

असो. चित्रकलेच्या बाईंनी कोरीवकामाला फळकुटं मागितली आहेत, सोमवारी पाठवतो. फणसाची आहेत, कृपा करून त्यांना रंग फासू नका.