लॉग आधी स्वतःसाठी वाचा

आज अमेरिकेत ट्रक चालवणाऱ्यांसाठी एकच गोष्ट सांगतो. डिसेंबर २०१७ पासून इथे लांब पल्ल्याच्या बहुतेक ट्रकांना इलेक्ट्रॉनिक लॉग सक्तीचा झाला. सलग १० तास विश्रांती घेऊन कामाला लागलं की १४ तासांचं घड्याळ सुरू होतं, त्यात गाडी ११ तासच चालवायची. गोदामात माल भरायला दीड तास गेला, तरी घड्याळ थांबत नाही. म्हणून मी दर रविवारी आठवड्याचा लॉग उघडतो आणि बघतो, चाकं किती फिरली, कुठे नुसतंच थांबलो. तीच नोंद डिस्पॅचरला दाखवतो: "इथे दीड तास जातोच, पुढची वेळ त्या हिशोबाने द्या." मग शेवटच्या तासात गाडी दामटावी लागत नाही, आणि डोळे जड व्हायच्या आत पार्किंग गाठता येतं.