शोअर, बँक आणि आपली थडी



तुमच्या नातवाने निबंधात ‘बालाघाट वैनगंगेच्या शोअरवर वसले आहे’ असे इंग्रजीत लिहिले, तर शिक्षक लाल रेघ मारतील, आणि ते योग्यच होईल. शोअर समुद्राला, फार तर मोठ्या सरोवराला. नदीला बँक. कोशात मात्र दोन्हींपुढे ‘किनारा’ लिहून मोकळे होतात, म्हणून हा घोळ.

बँक म्हणजे मुळात मातीचा उंचवटा. पाणी आटले तरी तो जागचा हलत नाही. शोअर तसा नाही. इंग्रजी कायद्यात तो भरतीची रेघ आणि ओहोटीची रेघ यांमधला पट्टा, भिजणारा आणि पुन्हा उघडा पडणारा. शिवाय अशोअर, ऑफशोअर हे शब्द ऐका. बोलणारा जहाजावर उभा आहे आणि जमीन लांबून पाहतो आहे.

आता आपले शब्द. हानेमानने ‘ऑर्गनॉन’मध्ये सांगितले आहे की रोग्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत टिपावे. त्या सवयीने पत्ताही मी तसाच टिपतो. जुनी माणसे ‘काठाला राहतो’, ‘घाटापाशी’, ‘पैलथडीला’ असे सांगत. त्यांची नातवंडे ‘किनारे पे’ म्हणतात. किनारा फारसीतून आला आणि मराठीत समुद्राकाठी जास्त रमला. काठ लुगड्याला असतो, विहिरीला असतो, भांड्यालाही असतो. तीर आणि तीर्थ ही दोन्ही ‘तरणे’ची भावंडे, तीर्थ म्हणजे पाण्यात उतरून पलीकडे जाण्याची जागा, ती करून देणारा तो तीर्थंकर. आम्ही जैन हा शब्द रोज उच्चारतो, पण त्यातले पाणी कुणाला आठवत नाही.

मला खरी गंमत वाटते ती ऐल आणि पैल यांची. इंग्रजीत नदीला डावा आणि उजवा बँक असतो आणि तो प्रवाहाच्या दिशेने तोंड करून ठरतो. वैनगंगा इथे दक्षिणेकडे वाहते, म्हणून आपले गाव डाव्या बँकेवर. ते कुणी कुठूनही पाहिले तरी बदलत नाही. ऑगस्ट 2020च्या पुरासारख्या वेळी हेच कामाचे. इशारा देताना ‘पैलथडी रिकामी करा’ म्हटले तर कोणती थडी?

पण ऐल-पैल उभ्या माणसावर ठरते. वारासिवनीहून औषधाला आलेला इथे बसून आपले घर ‘पैलथडीला’ सांगतो, आणि घरी पोचला की आपण पैलथडीचे होतो. 1956मध्ये राज्ये नव्याने आखली गेली, नागपूर तिकडे गेले, आपण मध्यप्रदेशात राहिलो. तेव्हापासून सोयरे आपल्याला ‘तिकडचे’ म्हणतात. तिकडचे म्हणजे कुठले, असे लग्नाच्या पंगतीत एकदा तुम्हीही विचारून पाहा. त्यांच्या उत्तरात नदीचे नाव क्वचितच येते.

कटंगीकडे जाल तेव्हा बावनथडीचे धरण पाहा. मध्यप्रदेश आणि महाराष्ट्र यांचा तो संयुक्त प्रकल्प. इंग्रजी कागदांत कालवे लेफ्ट बँक आणि राइट बँक. नदीच्या नावात मात्र थडी ऐकू येते, आणि दोन्ही राज्यांतली माणसे ते नाव सारखेच घेतात.