परस्परविरोधी मागण्या आणि सिद्धान्तांची वाटचाल



संस्थांमधील परस्परविरोधी मागण्यांविषयीचे सिद्धान्त जुने खोडून नवे लिहीत पुढे सरकले, असे दिसत नाही. जुन्या उत्तरातून जे निसटले, तोच पुढच्या पिढीचा प्रश्न झाला. बर्न्स आणि स्टॉकर या अभ्यासकांनी १९६१ मध्ये ब्रिटनमधील उद्योगांवरून दाखवले की स्थिर परिस्थितीत काटेकोर उतरंड चालते, अस्थिर परिस्थितीत लवचीक रचना लागते. परिस्थिती पाहा आणि बाजू निवडा, असा त्याचा अर्थ. १९६७ मध्ये लॉरेन्स आणि लॉर्श यांना एकाच कंपनीतले विभागही भिन्न वळणाचे आढळले. ते वेगळे राखायचे आणि सांधायचेही. १९९१ मध्ये जेम्स मार्च यांनी त्यात काळ आणला : हाती असलेल्याचा लाभ लवकर पदरात पडतो, म्हणून नव्याचा शोध मागे पडतो. २०११ मध्ये स्मिथ आणि लुईस यांनी म्हटले की काही ओढाताणी निवडीने मिटतच नाहीत; त्यांना त्यांनी विरोधाभास म्हटले.

यावर आक्षेप असा की निर्णय टाळणाऱ्यांना हे आयते निमित्त मिळते. प्रत्येक अडचणीला विरोधाभास म्हटले, तर आक्षेप खराच ठरेल. पण आपला सहकारी साखर कारखाना पाहा. सभासद ऊस विकणारा आहे आणि मालकही. विकणारा म्हणून त्याला चढा दर हवा; मालक म्हणून यंत्रसामग्रीसाठी कारखान्यात पैसा उरायला हवा. किमान दर कायद्याने ठरतो, ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे देण्याचे बंधनही आहे. तरी हा वाद हंगामागून हंगाम उभा राहतो, कारण तो मालकीच्या रचनेतच आहे. इथे दर ठरवणे कुणाला चुकत नाही. उलट तो पुनःपुन्हा ठरवावा लागतो. एका निर्णयाने जी मागणी संपते ती साधी निवड, आणि निर्णयानंतरही जी परतते ती खरी ओढाताण, हा भेद पाळला तर जुना सिद्धान्तही उपयोगी राहतो आणि नवाही.

हा भेद एका वर्षाच्या पाहणीतून कळत नाही. त्यासाठी संस्थांचे अनेक वर्षांचे अहवाल आणि सभांची इतिवृत्ते वाचावी लागतील. इथे मांडल्या जाणाऱ्या निबंधांवरील चर्चेत प्रत्येक सिद्धान्ताला ‘किती काळ पाहून हे म्हणता?’ असे निःसंकोच विचारावे, एवढी विनंती.