अभयारण्यातील छायाचित्रण आणि कायदा

सातपुड्याच्या आश्रयाने वसलेल्या, जळगाव जिल्ह्यातील यावल व धुळे जिल्ह्यातील अनेर या अभयारण्यांत जो कॅमेरा घेऊन जाऊ इच्छितो, त्याने ध्यानी ठेवावे की, १९७२च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या २८व्या कलमान्वये छायाचित्रणासाठी मुख्य वन्यजीव रक्षकाचा परवाना घ्यावा लागतो. पक्ष्यांच्या घरट्यांस वा अंड्यांस उपद्रव देणे ही तर कायद्याच्या दृष्टीने शिकारच होय.

वनोपज परवानगीवाचून नेणेही निषिद्ध असून, १९२७च्या भारतीय वन अधिनियमाच्या व्याख्येत जंगलातील मध, शिंगे, हाडे, इतकेच नव्हे तर माती आणि दगडही येतात. वनहक्क कायद्याने २००६ साली वननिवासींना दिलेला गौण वनोपजाचा हक्क हौशी संग्राहकास लागू होत नाही. त्याने वनखात्याच्या कचेरीत रीतसर अर्ज करावा.